जानेवारीतला पंखा

अलकाने बनियनला तिसऱ्यांदा साबण लावला, तरी काखेतला पिवळेपणा जाईना. ते पिळून ती तशीच बाहेर आली.

"अहो, हे काय लागलंय? हळद?"

गुणवंत पंख्याखाली बसले होते. जानेवारीचा महिना. आर. के. पुरममधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये फरशीवर पाय टेकवत नव्हता, धुक्यात समोरचा ब्लॉक दिसत नव्हता, आणि हा माणूस उघड्या अंगाने घाम पुसत होता.

"कॅन्टीनची कढी सांडली असेल."

"काखेत?"

ते हसले. आपण हसलो की ही पुढचं विचारत नाही, हे त्यांना पाठ होतं.

गुणवंत अकोल्याहून कारकून म्हणून दिल्लीला आले आणि इथेच रमले. अंगाने पहिल्यापासून भरलेले. ऑफिसात त्यांना सगळे 'सेठजी' म्हणत. मंडळाच्या गणपतीत पंगत वाढायला तेच पुढे, आणि आग्रह करून शेवटी जेवायलाही तेच. आपल्या पोटाचं त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात मात्र एक गोष्ट घडली. क्षिप्राचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं होतं. शेरवानीचं माप द्यायला तिघं लाजपतनगरला गेली. शिंपी मास्टरजींना टेप गुणवंतांच्या कमरेभोवती पुरेना. क्षिप्रा खळखळून हसली. "बाबा यार, लग्नाच्या फोटोत मी दिसेन ना?"

दुकानातले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने गुणवंतच. पण परतताना मेट्रोत ते एक शब्दही बोलले नाहीत. हे अलकाच्या लक्षात आलं, क्षिप्राच्या नाही. ती होणाऱ्या नवऱ्याशी, नचिकेतशी, फोनवर बोलत होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुनिरकाच्या एका गल्लीतली जिम लावली. आणि वजन उतरलं, अगदी भराभर उतरलं. शेजारची विनया कौतुक करायची. क्षिप्रा गुडगावहून ऑफिस करून आली की म्हणायची, "बाबा, काय मस्त दिसतोयस!" मग ते लाजायचे. अलकाला मात्र शेजारी झोपलं की चुलीजवळ झोपल्यासारखं वाटे. "ताप आहे का?" विचारलं तर म्हणायचे, "मेहनत करतोय ना, म्हणून."

तो डाग दिसला, त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते जिमला निघाले आणि जिन्यातच खाली बसले. भात्यासारखा श्वास चालला होता. अलकाने कपाळाला हात लावला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला. विनयाने गाडी काढली.

गाडीत त्यांनी खिशातून एक पुडी काढून अलकाच्या हातात दिली. आत कॅप्सूल होत्या.

"जिमवाल्याने दिल्यात. म्हणाला, अंदर की चर्बी जलाती है. डॉक्टरांना दाखव." थोडं थांबून म्हणाले, "दुकानातलं ते... क्षिपूला कधी बोलू नकोस हं. पोर सहज बोलली होती."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरबाईंनी एक कॅप्सूल फोडली. पिवळीधमक पूड बाहेर आली.

"आंटी, ये दवाई है ही नहीं. रंग और बारूद बनाने में लगता है ये केमिकल. शरीर को अंदर से जलाता रहता है."

"इसका कोई तोड़ तो होगा?"

"नहीं, आंटी. हम बस ठंडा रख सकते हैं."

त्यांनी सगळं केलं. काखेत, मानेजवळ बर्फ लावला, ओल्या चादरी गुंडाळल्या, सलाईन लावलं. चादर घातली की बघता बघता कोमट व्हायची. गुणवंत शुद्धीवर होते. हेच अलकाला सोसवत नव्हतं.

क्षिप्रा धावत आली. त्यांचा हात धरून रडायलाच लागली. "बाबा, का घेतलंस हे? कशासाठी?"

"गुडघे गं," गुणवंत धापा टाकत म्हणाले. "फार दुखायचे. वजन उतरवा म्हणाले होते डॉक्टर. मी म्हटलं, लवकर उतरवू."

"मला कधी बोलला नाहीस!"

"तुला काय सांगायची म्हाताऱ्याची रडगाणी. लग्न आहे तुझं."

त्यांनी मान वळवून अलकाकडे पाहिलं. हा माणूस परवाच्या दिवाळीत भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आला होता. अलकाने बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, त्यांच्या कपाळावर ठेवलं.

"मला सांगायचे," ती म्हणाली. "मीच मनावर घेतलं नाही."

गुणवंतांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर जे आलं ते हसूच असावं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले.

अलकाने स्वतः पोलिसांत तक्रार दिली. जिमला कुलूप लागलं, तो माणूस सापडला नाही. लग्न पुढे ढकललं. "तुझ्या आई म्हणतील तेव्हा," एवढंच नचिकेत क्षिप्राला म्हणाला.

क्षिप्रा घरूनच काम करू लागली. जेवण तिने जवळजवळ सोडलंच होतं. ताटात चिवडत बसायची आणि उठायची. मार्चमधल्या एका दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. क्षिप्राने ताटातली नजर न उचलता विचारलं,

"आई, बाबांचे गुडघे खरंच इतके दुखायचे?"

अलका भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"फार. जिना उतरताना कठडा धरायचे. तू असलीस की नाही धरायचे."

क्षिप्राने वरण ओतलं आणि भात कालवायला घेतला. पहिला घास तिला गिळवेना. ती पाणी प्यायली. दुसरा गेला.

अलकाने तिच्या भातावर तूप वाढलं. मग आणखी एक चमचा. क्षिप्रा नको म्हणाली नाही.