सुती धागा

आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या चिप कारखान्यातली चांगली नोकरी सोडून क्षितिजा जुन्या घरांत म्युझिक सिस्टीम बसवायला लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. डंडॉकबाहेरचं मॉरीनबाईंचं दोनशे वर्षांचं घर हे तिचं पहिलंच काम. आज काउंटी कौन्सिलचा माणूस तपासायला येणार होता. घर सरकारी वारसा यादीतलं, म्हणून अट एकच: नवा खिळा नाही, गोंदाचा थेंब नाही. नापास झालं तर सगळं उपसून न्यायचं, आणि मग दुसरं काम देतंय कोण!

पण पोरगी पक्की. नोकरांना बोलवायच्या घंटीच्या तारांसाठी भिंतीत नळ्या होत्या, त्यांतूनच तिने वायरी ओढल्या. स्पीकर कुठे दिसायलाच नको, म्हणून थरथरणारे छोटे डबे खिडकीच्या लाकडी झडपांमागे पाचर मारून बसवले. झडपच गायची!

आणि नेमकी आज एक झडप खर्जात जर्रर्र करायला लागली. जुनी फळी खाचेत सैल झाली होती.

"लाव थोडा गोंद, कोण बघतंय?" फोनवर नवरा, मुकुल.

"मी बघतेय ना!" तिने फोनच ठेवला.

मग तिला आईचा तंबोरा आठवला. जवारी लावताना तारेखाली सुती धागा सरकवायचं काम कायम हिच्या गळ्यात, आणि वर आईचं टुमणं, "केसभर वर, क्षिती!" किती वैतागायची ती! जो धागा तारेत झंकार आणतो, तो फळीतली जर्रर्र घालवणार नाही? तिने ओढणीचा एक दोरा ओढला, दुमडला आणि खाचेत सरकवला. जर्रर्र बंद!

तपासनीस डर्मट आला. मॉरीनबाईंनी सिस्टीमवर पियानोचं रेकॉर्डिंग लावलं. त्याने गालिचा उचलला, भिंती ठोकल्या, शेवटी झडपेवर हात ठेवला आणि चमकला. मग त्याला धागा दिसला.

"हे काय?"

क्षितिजा म्हणाली, "ओढून बघा."

त्याने ओढला. जर्रर्र! लाकडावर ओरखडासुद्धा नाही. तो ओशाळून धागा परत बसवू लागला, पण जमेना.

"केसभर वर," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून तिला हसू फुटलं.

"ग्रँड," म्हणत डर्मटने सही केली.

तिने तिथूनच आईला फोन लावला, आनंदाने रडत, भडाभडा सगळं सांगितलं. आईने, पद्मिनीबाईंनी, शांतपणे ऐकून घेतलं.

"धागा सुतीच होता ना गं?"

"हो, आई."

"मग पास होणारच होतीस," त्या म्हणाल्या.