फाइलीत नसलेली ओळ

संस्थेच्या संगणक विभागाचे प्रमुख आणि ग्रंथालयातल्या बाई ही सख्खी भावंडं आहेत, हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखे वागायचे ते फक्त प्रमुख. बहिणीला भावाच्या वशिल्याने नोकरी लागली असं कुणी म्हणू नये, म्हणून वीस वर्षं ते तिला कचेरीत ‘मॅडम’ म्हणत आले. कारण चांगलं होतं, त्यामुळे बाईंना तक्रारही करता येईना. रविवारी दादाच्या ताटातलं हक्काने उचलून खाणाऱ्या बाई सोमवारी त्याला ‘नमस्कार सर’ म्हणायच्या.

ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह म्हणजे अकरा हजार जुने प्रबंध, नकाशे आणि छायाचित्रं. त्यातलं पान न् पान बाईंनी स्कॅन केलेलं. पण तो संग्रह ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा, ते दादाने आठ वर्षांपूर्वी एकेक तुकडा जोडून बसवलं होतं. डेटाबेस इथे, शोधयंत्र तिथे, आणि काय कशाला जोडलंय ते फक्त त्याच्या डोक्यात. नवी आवृत्ती आली की संग्रह आठवडाभर बंद. दादा बाह्या सरसावून बसायचा आणि आसपास कुणाला फिरकू द्यायचा नाही. लहानपणी घरचा रेडिओ उघडून बसायचा तेव्हाही हीच तऱ्हा. ‘तू हात लावू नकोस’ ऐकण्यातच बाईंचं निम्मं बालपण गेलं.

आता तीन महिन्यांनी दादा निवृत्त होणार होता. त्याच्यामागे हे सांभाळायला कोणी नाही, तेव्हा संग्रह मुख्य कार्यालयाकडे सोपवावा, असं संचालकांच्या मनात आलं. पूर्वी मुख्य कार्यालयात गेलेली छायाचित्रं तीन वर्षांत कुणाच्या नजरेला पडली नव्हती. बाईंनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि सॉफ्टवेअर चालवायचं कंटेनरचं तंत्र शिकायला बसल्या.

तंत्र त्यांच्या स्वभावाला धरून निघालं. प्रत्येक तुकडा त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात. कुठले डबे आणायचे आणि कसे जोडायचे, ते एका साध्या फाइलीत लिहिलेलं. प्रबंध आणि नकाशे मात्र डब्याबाहेर, आपल्या जागी. नवी आवृत्ती आली की जुना डबा टाकायचा, नवा आणायचा. पथ्य एकच: डब्याच्या आत हाताने काही बदलायचं नाही, कारण डबा गेला की तो बदलही गेला. काय हवं ते फाइलीत लिहायचं. बाईंनी सगळा संग्रह असा डब्यांवर आणला आणि हा नियम ठळक अक्षरांत भिंतीवर चिकटवला. दादाने तो वाचून नुसतं ‘हं’ केलं.

ठरलेल्या सकाळी अकरा वाजता संचालक, इतिहासाचे प्राध्यापक आणि दादा ग्रंथालयात येऊन बसले. सगळ्यांसमोर नवी आवृत्ती बसवून दाखवते, असं बाईंनी कबूल केलं होतं. त्यांनी जुने डबे काढून टाकले. पडदा कोरा झाला आणि संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटांत नवे डबे उभे राहिले, अकरा हजारच्या अकरा हजार नोंदी जागेवर.

मग प्राध्यापकांनी आपला एक मोठा नकाशा चढवून बघायला सांगितलं. फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्यांदाही तेच. संचालकांनी वही मिटली आणि म्हणाले, नवी आवृत्ती आली की काहीतरी बिघडतंच, आपण विषय इथेच संपवू.

गेल्याच आठवड्यात याहून मोठा नकाशा निमूट चढला होता. बाईंनी डब्यांची फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. मर्यादेबद्दल तिच्यात एकही ओळ नव्हती. म्हणजे मर्यादा कुणीतरी डब्यात शिरून वाढवली होती, आणि आत शिरायचा पासवर्ड त्यांच्याखेरीज एकाकडेच होता. तो कपाटातल्या पुस्तकांकडे बघत बसला होता. रेडिओ बिघडवल्यावरही तो असाच भलतीकडे बघायचा.

“दादा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “आत जाऊन काही केलं होतंस का?”

कचेरीत हा शब्द पहिल्यांदा उमटला होता. दादाने नाही म्हटलं असतं तर खोटं पाडणारं कुणी नव्हतं. तो संचालकांकडे वळला.

“केलं होतं. नकाशे चढत नव्हते म्हणून मर्यादा हाताने वाढवली, आणि फाइलीत लिहिली नाही. नव्या आवृत्तीचा काही दोष नाही, साहेब. आठ वर्षं मी असंच करत आलोय, म्हणून तर दर वेळी आठवडा लागायचा.”

बोलता बोलता तो उठला आणि सवयीने कीबोर्डकडे वळला.

“हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “आकडा सांग.”

दादाचा हात जागच्या जागी थांबला. मग तो चक्क हसला, आणि त्याने आकडा सांगितला. बाईंनी फाइलीत एक ओळ लिहिली, डबे पुन्हा काढून नवे उभे केले. नकाशा चढला.

“परत एकदा पाड,” दादा म्हणाला.

बाईंनी पाडलं. चार मिनिटांत संग्रह पुन्हा उभा राहिला आणि दुसरा नकाशाही चढला. बाईंना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

संचालकांनी वही उघडली. संग्रह इथेच राहू दे म्हणाले, पण कागदावर जबाबदार म्हणून कुणाचं नाव घालायचं?

“हिचं,” दादा म्हणाला. “ही माझी धाकटी बहीण.”

“ते माहीत आहे की आम्हाला,” संचालक म्हणाले.

“असेल,” दादा म्हणाला. “मी सांगितलं नव्हतं.”