मल्लव्वाची हाक

या, असे जवळ सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे या. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. आमच्या सोलापुरात एका साध्या माणसाने सूड कसा घेतला, ते आज तुमच्या कानावर घालायचं आहे. देवळाच्या पायरीवर बसून सुडाची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण देवाने तरी सगळ्यांनाच कुठे सोडलंय? तेव्हा ऐका.

अक्कलकोट रोडच्या कडेला उभ्या असलेल्या टिपरखाली कुंडलिक उताणा पडला होता. पाठीखाली रिकामं पोतं, दातांत चिकटपट्टीचा तुकडा, हातात वायरीची दोन टोकं. सकाळची वेळ असूनही डांबराचा वास उन्हात उकळत होता.

"झालं का बे कुंडलिक? का झोप लागली खाली?" केबिनमधून टिपरचा ड्रायव्हर सुमित ओरडला.

झोप हा शब्द ऐकून कुंडलिकचे हात थांबले. सुमित नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याचा काय दोष?

"झालंच," कुंडलिक म्हणाला.

कुंडलिक गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. शाळेच्या बस आणि रस्त्याच्या कामावरच्या गाड्या, सगळ्यांवर इशारा देणारे ट्रान्समीटर बसवायचं ठरलं, तेव्हा ते काम त्याला मिळालं. वस्तू तळहाताएवढी, बाया तिला बोलती डबी म्हणायच्या. बस थांबून दार उघडलं, टिपर मागे सरकू लागला, की ही डबी आसपासच्या गाड्यांना खूण पाठवायची आणि त्या गाड्यांतल्या जोडीच्या डबीतून आवाज यायचा, सावकाश जा म्हणून. बस, टिपर, रोलर, सुपरवायझरची जीप, सगळ्यांत दोन्ही डब्या बसवायच्या होत्या. महिनाभर कुंडलिक शाळांच्या आवारात बसखाली शिरत होता. आता ठेकेदाराच्या गाड्यांची पाळी आली होती, आणि त्यांतला पहिलाच टिपर हा निघाला.

याच टिपरने त्याच्या अक्काचा जीव घेतला होता.

अक्का म्हणजे मल्लव्वा, त्याची थोरली बहीण. आई कानडी मुलखातली, बाप मराठी. मुलीचं नाव आईने ठेवलं, मुलाचं बापाने. मल्लव्वा रस्त्याच्या कामावर लाल झेंडी घेऊन उभी राहायची. गेल्या उन्हाळ्यात बाया टिपरच्या मागच्या सावलीत भाकरी खायला बसल्या होत्या. टिपर मागे येऊ लागला. मागे येताना वाजणारा हॉर्न वाजलाच नाही. मल्लव्वा ओरडत धावली. बाया हातातली भाकरी टाकून पळाल्या. ती मात्र दोन्ही हात वर करून, ओरडत, मागे येणाऱ्या टिपरच्या वाटेत उभी राहिली. टिपर थांबला नाही.

आणि सुपरवायझर सिद्धलिंगप्पाने चौकीत सांगितलं, "बाई टिपरमागं पेंगत बसली होती. ओरडली असती तर कुणालातरी ऐकू आलं असतं की."

जुना ड्रायव्हर वैरागला निघून गेला. जाण्याआधी कुंडलिकच्या गॅरेजवर येऊन रडला. "सायबास्नी फोनवर बोलताना तरास व्हायचा म्हणून हॉर्नची वायर त्यांनीच तोडायला लावली, दादा. पण मी बोलणार न्हाय. मला लेकरं हायती." झेंडीवाल्या बायांनीही तोंडावर पदर घेतला. त्यांनाही लेकरं होती. मग गावभर एवढंच उरलं, की मल्लव्वा झोपली होती. तिची पोर रेश्मा आता मामाकडेच राहायची. ती एकदा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "मामा, आई कामावर झोपायची?"

त्या दिवशी कुंडलिकने ठरवलं. काय करायचं ते नव्हतं ठरलं. करायचं, एवढं ठरलं.

तर आता तो टिपरखालून बाहेर आला. शेवटची जोडणी बाकी होती, डबी अजून मुकी होती. कपडे झटकताना त्याने मागे पाहिलं. सिद्धलिंगप्पा टिपरच्या बरोबर मागे, पाठमोरा, फोन कानाला लावून उभा होता.

"रिव्हर्स टाकून बघू का?" सुमितने विचारलं. "मागं कुणी न्हाई न्हवं?"

कुंडलिक बोलला नाही.

मंडळी, न बोलणं हेही बोलणंच असतं. सुमितने त्याचा अर्थ होकार घेतला. गिअर पडला. चाकाखालची खडी करकरली. सिद्धलिंगप्पा फोनवर कुणाला तरी हसत म्हणत होता, "अहो, जेवायलाच या की घरी." कुंडलिक त्याच्या मानेकडे बघत राहिला. कॉलर स्वच्छ होती. घरी कुणीतरी रोज घासत असणार.

टिपर हातभर उरला तेव्हा कुंडलिकने पत्र्यावर पाना आपटला आणि छाती फाटेल असा ओरडला, "थांऽऽब!"

सिद्धलिंगप्पाने उडी मारली. फोन खडीत पडला. "येडा हाय का बे? आधी वरडाय काय झालतं? जीव गेला असता माझा!"

"व्हय," कुंडलिक म्हणाला. "मागं माणूस असला की वरडावं लागतंय. हॉर्न असला तर हॉर्न वाजतोय."

सिद्धलिंगप्पाने फोन उचलला, काचेवरची धूळ पुसली आणि जीपकडे गेला.

आता कुणी म्हणेल, कुंडलिकला दया आली. छे! दयाबिया काही नाही. त्या क्षणी त्याला एकच दिसलं होतं: हा मेला, तर मल्लव्वा याच्या तोंडात कायमची झोपलेली राहील. मेलेल्या माणसाला कबुली देता येत नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. कुंडलिक तिथला टाळकरी. आबासाहेब बुवा रंगात आले होते, क्षमा हे संतांचं भूषण कसं, ते सांगत होते. मागे टाळ थांबला. एकच टाळ थांबला, पण बुवांच्या कानाला कळल्याशिवाय कसं राहील? आरती झाल्यावर त्यांनी कुंडलिकला बाजूला घेतलं.

"हात का थांबला?"

"बुवा, एक विचारू? खांब फोडून देव निघाला, तो क्षमा करायला निघाला व्हता का?"

बुवा हसले नाहीत. उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "कुंडलिका, तू देवाच्या नखांकडं बघतोस. आधी काय होतं ते बघ की. आधी लेकराची हाक होती. हाक खरी होती, म्हणून खांबाला फुटावं लागलं. नखं काय, मागनं आली."

बुवा आपले सहज बोलून गेले. प्रसादाचा नारळ कुंडलिकच्या हातात तसाच राहिला.

त्याच्या फोनमध्ये अक्का होती. कधीतरी डबा द्यायला गेला असताना त्याने तिची थट्टा करायला म्हणून चित्रण केलं होतं. झेंडी खांद्यावर टाकून ती हसते, "ए, फोटू नको काढू, लई काळी दिसते मी," आणि तेवढ्यात एक ट्रक दिसतो. हसू जातं. बेंबीच्या देठापासून आवाज येतो: "थांबा ओऽऽ! माणसं हायती हितं!"

डबीतला मूळचा आवाज परगावच्या कुठल्याशा बाईंचा होता, गोड, हिंदीतला. ड्रायव्हर तिची नक्कल करून हसायचे. डब्या बसवून घेणाऱ्या कार्यालयातल्या मॅडमनीच कुंडलिकला म्हटलं होतं, "इथला आवाज मिळाला तर बघा. लोकांनी ऐकून ब्रेक दाबायला हवा." दुसऱ्या दिवशी कुंडलिकने त्यांच्या टेबलावर फोन ठेवला. मॅडम खुर्चीत दचकून सरळ झाल्या.

"कोण आहे ही?"

"माझी बहीण. झेंडी घेऊन उभी राहायची."

"तिची हरकत नाही ना?"

"तिची कशाची हरकत असंल, मॅडम? तिचं कामच ते व्हतं."

आठवडाभरात कार्यालयातूनच तो आवाज भरला गेला आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक डबीत मल्लव्वा बसली. सिद्धलिंगप्पाच्या जीपमधली डबी कुंडलिकने शेवटी, स्वतःच्या हाताने, स्टिअरिंगजवळ बसवली. आवाज कमी करायचं बटण डबीला नव्हतंच. वायर तोडली की कार्यालयात कळायचं.

"चालू करून दाखवू, साहेब?"

"दाखव की."

समोर सुमितने टिपर मागे घेतला. जीपमध्ये मल्लव्वा ओरडली.

सिद्धलिंगप्पाच्या कपाळावर घाम फुटला. त्याने हा आवाज ओळखला. ज्याला ऐकूच आला नव्हता म्हणता, त्याने तो बरोबर ओळखला! कुंडलिकने पाने गोळा केले. "लांबनं बी ऐकू येतंय की नाय, साहेब?" एवढंच विचारून तो निघाला.

मग काय! सुपरवायझरचा दिवस टिपरच्या मागेपुढेच जातो. टिपर सरकला की हाक, रोलर वळला की हाक. काच बंद असो, फोन चालू असो. जेवायला बोलावणारे फोन बंद झाले. सिद्धलिंगप्पा जीप लांब उभी करून उन्हातून चालत येऊ लागला. बाया कुजबुजायच्या, "सायेब वाळलं की गं." कुंडलिक रोज काही ना काही निमित्त काढून यायचा, सावलीत उभा राहायचा आणि बघायचा. त्याला गोड लागत होतं. खोटं कशाला सांगू?

पण सुडाचं पाणी आपण खोदलेल्या पाटानेच जातं असं नाही. एका दुपारी रेश्मा शाळेतून आली. दारातच उभी राहिली.

"मामा, आमच्या बसमध्ये आई ओरडली."

शाळेच्या बसही त्याच रस्त्याने जायच्या, डब्या कुंडलिकनेच बसवल्या होत्या, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. नजर एका माणसावर ठेवली, आणि पोर विसरला.

"भ्यालीस का गं?" त्याने तिला जवळ ओढलं. "काढतो मी. उद्याच्या उद्या काढतो."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. "मी आता खिडकीजवळ बसते. तिथं आलं की ड्रायव्हरकाका बस हळू करतात. सगळी पोरं गप बसतात." मग तिने विचारलं, "मामा, आई एवढ्या मोठ्यांदा ओरडायची, तर त्या दिवशी कुणालाच कसं ऐकू नाही आलं?"

याचं उत्तर कुणाकडून आणायचं, हे कुंडलिकला माहीत होतं.

उत्तर स्वतःच चालत आलं. एका सकाळी बाया झेंड्या घेऊन कामावर उभ्या राहत होत्या, कुंडलिक रोलरची वायर तपासत होता. सिद्धलिंगप्पा त्याच्यासमोर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काढ तो आवाज," तो म्हणाला. मग हलक्या आवाजात, "हात जोडतो. घरी बी ऐकू येतंय मला. ताटावर बसलं तरी ऐकू येतंय."

"कुणाचा आवाज, साहेब?"

"तुला माहीत हाय."

"मला हाय. ह्यांना सांगा." कुंडलिकने बायांकडे हात केला. "त्या दिवशी अक्का ओरडली व्हती का न्हाय?"

सिद्धलिंगप्पा जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत न्हाय. बाई एवढं ओरडलेलं तुमाला ऐकू आलं न्हाय. मला हे कसं येणार?"

"ओरडली व्हती!" सिद्धलिंगप्पाचा आवाज फाटला. "पहिल्यापासनं ओरडत व्हती. मी फोनवर व्हतो, मी हात करून गप म्हणलो तिला. हॉर्न बी मीच काढायला लावला. झोपली नव्हती ती. बास? आता तरी काढ!"

टिपरचं इंजिन सुमितने कधी बंद केलं, कुणाला कळलं नाही.

"न्हाय," कुंडलिक म्हणाला. "तो आता माझ्या एकट्याचा राहिला न्हाय. तिची पोर ऐकती तो."

बायांत सगळ्यात वयस्क रंभाबाई. ती पुढे आली. कुंडलिकला वाटलं, म्हातारी शिव्या घालणार. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. "आमी बी ऐकलं व्हतं रं, लेकरा," ती कुंडलिकला म्हणाली. "तिच्यामुळं जितं ऱ्हायलो, आन् तोंड शिवून बसलो." मग ती सिद्धलिंगप्पाकडे वळली, हातातली झेंडी त्याच्या पायाशी ठेवली, आणि कडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. तिच्यामागून दुसरी गेली. मग तिसरी. सिद्धलिंगप्पाच्या बुटांपुढे लाल कापडाचा ढीग झाला.

"अगं, गाड्या येतील!" तो म्हणाला. "कोण उभं राहणार?"

लिंबाखालून कुणी उठलं नाही.

गाड्या आल्याच. अर्धा रस्ता खोदलेला, समोरून येणाऱ्यांना कळायला मार्ग नाही. सिद्धलिंगप्पाने इकडे तिकडे पाहिलं. मग तो खाली वाकला, एक झेंडी उचलली आणि उन्हात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ओरडायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा निघाली. तो झेंडीच हलवत राहिला.

शाळेची बस आली, हळू झाली, त्याच्यापुढे थांबली. खिडकीला गाल टेकवून रेश्मा बसली होती. तिने त्या माणसाकडे पाहिलंही नाही. पलीकडे दुसरा रोलर वळत होता; डोळे मिटून ती डबीतली आईची हाक ऐकत होती.

कुंडलिकने क्षमा केली का, असं मला लोक विचारतात. नाही केली. अजून करत नाही. टाळ मात्र आता थांबत नाही.

एवढीच गोष्ट. आता तुमच्याकडे एक मागणं. रस्त्यात कुठे काम चाललेलं असेल आणि धुळीत एखादी बाई लाल झेंडी घेऊन उभी दिसेल, तेव्हा गाडीचा वेग जरा कमी करा, आणि मनात एकदा मल्लव्वाचं नाव घ्या. ती झोपली नव्हती.