पन्नास पावलांची भाऊबीज

बिल्डरला जमीन देताना मच्छिंद्ररावांनी आंब्याची झाडं मोजली, विहीर मोजली, आपल्या वाट्याच्या दोन फ्लॅटची दिशासुद्धा ठरवून घेतली. कागदावर घ्यायची राहिली ती फक्त बांधावरची वाट. त्या वाटेने पन्नास पावलांवर सोजरआक्काचं घर. ही त्यांची थोरली बहीण, गावातच दिलेली. यंदाच्या उन्हाळ्यात सोसायटीने बांधावर आठ फुटी भिंत घातली आणि आक्काचं घर हायवेच्या वळशाने अडीच किलोमीटर लांब गेलं. गॅलरीतून तिची वाळत घातलेली लुगडी दिसत; आक्का काही भेटत नसे.

दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. "भाऊबिजेला रिक्षातनं येणार असशील तर येऊ नगंस. बांधावरनं येत हुतास, तसाच ये. न्हायतर ओवाळायची न्हाय मी."

आक्का बोलली म्हणजे बोलली. आजवर मच्छिंद्ररावांची एकही भाऊबीज चुकली नव्हती. भिंतीत फाटक मागणारा अर्ज घेऊन त्यांनी अध्यक्ष श्यामलाबाईंचं दार ठोठावलं. शनिवार पेठेत हयात घालवलेल्या या निवृत्त शिक्षिकेने आधी अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

"आमच्या पेठेत कुणाशी बिनसलं, तर तोंड चुकवायला तीन बोळ होते," त्या म्हणाल्या. "इथे रस्ता एकच, म्हणून भांडणंही समोरासमोर करावी लागतात. मांडते मी सभेपुढे."

फाटकाचं नाव काढताच सभा उसळली. "सिक्युरिटीचं काय? परके लोक आत शिरतील!" आयटीतला इंद्रजीत म्हणाला.

"शिरले की! दोनशे फ्लॅटमध्ये राहतायत," श्यामलाबाई म्हणाल्या. "शिवाय भिंतीपलीकडे चार मिनिटांवर बसथांबा आहे. आपण तिथे पोचायला रोज स्कूटर काढतो."

बसथांबा म्हटल्यावर हात पटापट वर झाले. अट एकच पडली: फाटकाला कुलूप हवं, किल्ल्या मच्छिंद्ररावांकडे; सकाळी त्यांनी उघडायचं, रात्री लावायचं.

भाऊबिजेला सकाळीच फाटक उघडून मच्छिंद्रराव निघाले ते जवळजवळ धावतच. आक्काने पाट मांडूनच ठेवला होता. डोळ्यांत पाणी, पण तोंडाचा पट्टा चालू. "पन्नास पावलं चालाया सा म्हैनं लागलं व्हय रं?"

तिने ओवाळलं. मच्छिंद्ररावांनी तबकात लुगडं ठेवलं आणि त्यावर ऐटीत फाटकाची दुसरी किल्ली. "घे आक्का. आता कवाबी ये."

आक्काने किल्ली उलटसुलट पाहिली आणि भावाच्या तळहातावर परत ठेवली.

"ही नगं. कुलूप दे."

मच्छिंद्रराव पाटावरून उठले, पन्नास पावलं गेले, आणि कुलूप आणून त्यांनी बहिणीच्या तबकात घातलं.