यादीतला अकरा नंबर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी बाक आहे. दोन माणसांचा, लाकडी, आणि माझे पाय चुकीच्या जागी ठोकलेत. कडेला एकटा माणूस बसला की माझं दुसरं टोक वर आणि माणूस खाली. यात माझा काही दोष नाही. माझा बाप तापट होता, त्याचं हे फळ.

बाप म्हणजे सुतार. हात सोन्याचा, डोकं दारूगोळ्याचं. माझे पाय ठोकायच्या दिवशी त्याचं बायकोशी वाजलं. ती दारातून बोलत होती, हा आतून पट्टी आपटत होता. त्या नादात पाय टोकाला लावायचे, ते वीतभर आत लागले. बायको म्हणाली, "अहो, पाय आत गेले बघा." "तू मला सुतारकाम शिकवतेस?" असं म्हणून त्यानं दुसरी जोडीही मुद्दाम तिथंच ठोकली. झालं! माझी बोलीही त्याचीच आहे. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही, आणि आता या वयात मी शिकणारही नाही.

आधी मी शाळेत गेलो. पोरं माझ्यावर जाम खूश. दोघं दोन टोकांना बसायचे, एक टुणकन उठायचा आणि दुसरा धप्पकन आपटायचा. मग एकदा पालकसभेत हेडमास्तर आले आणि ऐटीत कडेला बसले. एकटेच. पुढचं सांगत नाही, मोठा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेबाहेर.

तिथून आलो कोर्टात. खून-दरोड्याचं कोर्ट नाही हे. नवरा-बायको वेगळे व्हायला येतात आणि पोरं कुणाकडे राहणार ते ठरतं, ते कोर्ट. आल्या आल्या माझ्या पोटाखाली पांढऱ्या रंगानं नंबर घातला. मला काही वाटलं नाही. वस्तूला नंबर घालतातच.

व्हरांड्यात ठेवला मला. काय काय बघितलं म्हणून सांगू! नवरा या टोकाला, बायको त्या टोकाला, मधे पोर. एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणून पोराचं टपाल करायचं. "तुझ्या बापाला सांग, तारीख चुकवू नको." "तुझ्या आईला सांग, मी चुकवत नाही." अरे शहाण्यांनो, हातभर अंतर आहे! दोघांचे कान शाबूत आहेत! पण नाही. पोर बिचारं मान इकडे, मान तिकडे.

तिथं एकदा दोन वकील पाडले मी. एकाच दिवशी. शिपायानं मला शिव्या हासडल्या आणि जुन्या कागदांच्या खोलीत उलटा करून टाकला. चार वर्षं पाय वर. कोळ्यांनी जाळी केली, उंदरांनी संसार थाटले. मी आपला छताकडे... नाही, उलटा होतो ना, फरशीकडे बघत पडलो.

मग नव्या न्यायाधीश बाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी मला बघितलं, कडेला बसल्या, घसरल्या आणि खो खो हसल्या. "हा माझ्या खोलीत आणा," म्हणाल्या.

त्यांची एक तऱ्हा होती. लहान पोराशी बोलायचं असलं की आईबाप, वकील सगळे बाहेर. पोराला स्वतःची गोल फिरणारी खुर्ची द्यायच्या आणि आपण माझ्यावर बसायच्या. शिपाई म्हणायचा, "मॅडम, याचे पाय तरी नीट करून घेऊ." त्या म्हणायच्या, "राहू दे. मोठं माणूस डुगडुगलं की पोरं बोलायला लागतात." ते खरं होतं. मी शेकडो पोरं ऐकली.

त्यातल्या दोघी मात्र मी विसरलो नाही.

एका सोमवारी एक जोडपं आलं. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आई शाळांचे गणवेश शिवायची. भांडण नाही, तंटा नाही. कोणी कोणाला फसवायचं नाही हा दोघांचा बाणा. घरात होतं नव्हतं त्याची यादी करून समान वाटणी केलेली. दोन्ही वकील हातावर हात ठेवून उभे. दहा मिनिटांत सह्या होणार होत्या.

मॅडम यादी मोठ्यानं वाचत होत्या.

"आठ, पंखा, वडिलांकडे. नऊ, कुकर, आईकडे. दहा, शिवणयंत्र, आईकडे. अकरा, थोरली मुलगी, वडिलांकडे. बारा, धाकटी मुलगी, आईकडे. तेरा, शिडी, वडिलांकडे..."

मॅडम थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा वाचलं.

माझं टाळकं सटकलं. अरे, नंबर मला घालतात! मी लाकूड आहे!

"हे कुणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"मीच," बाप म्हणाला, चांगला छाती काढून. "अक्षर माझंच आहे. एकाला दोघी आणि एकाला कुणीच नाही, असं नको म्हणून. एक हिला, एक मला. अन्याय कुणावरच नाही."

"माझी पण तक्रार नाही," आई म्हणाली. "दोघींसाठी भांडत बसलो असतो तर दोन वर्षं गेली असती."

खरं सांगतो, माणसं वाईट नव्हती. आपण मोठं शहाणपण केलं असं त्यांना वाटत होतं. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. असल्या शहाण्यांचं काय करायचं?

"तुम्ही सगळे बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. "पोरींना आत पाठवा."

थोरली नऊ वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणायचे. धाकटी चार वर्षांची, मुठीएवढी, तिला म्हणायचे टिल्ली. भिंगरीनं फिरती खुर्ची बघितली आणि टिल्लीला मांडीवर घेऊन तीन गिरक्या मारल्या. मॅडम माझ्यावर बसल्या, बरोबर मधोमध. त्यांना माझा अंदाज आला होता.

"टिल्ली, तुला शाळा आवडते का गं?"

टिल्लीनं तोंड भिंगरीच्या कानाला लावलं. फुसफुस.

"ती म्हणते, डबा आवडतो," भिंगरी म्हणाली.

"ती स्वतः नाही बोलत?"

"बोलते की. मला बोलते."

"आणि घरी?"

"घरी पण मलाच. मग मी आईला सांगते, बाबांना सांगते. डॉक्टरांना पण मीच सांगितलं पोट दुखतंय म्हणून. डॉक्टर म्हणाले घसा चांगला आहे, बोलेल सावकाश."

"मग तू बाबांकडे राहायला गेलीस, तर?"

खुर्ची फिरायची थांबली.

"मी विचारलं होतं. आई म्हणाली, होईल सवय. बाबा म्हणाले, रोज फोन लावून देईन. पण फोनवर नाही बोलत ती. तिला कान लागतो. खरा." मग ती पुढं सरकली. "मॅडम, मी हिला दत्तक घेऊ का?"

"नाही घेता येत. अठरा वर्षांच्या आत तूच दुसऱ्याच्या ताब्यात. तू कुणाला कशी घेशील?"

"मग सही करून देते. मला जोडाक्षरासकट येते."

"सहीसुद्धा चालत नाही तुझी."

"मग आमचं चालतं तरी काय?"

मॅडम पुढं वाकल्या. मी श्वास धरला, लाकडाला जितका धरता येतो तितका.

"बोलणं चालतं," त्या म्हणाल्या. "तुझं म्हणणं ऐकून घ्यायला कायद्याची ना नाही. ऐकलं मी."

त्यांनी आईबापाला आत बोलावलं आणि माझ्यावर बसवलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. "दोघं एकदम बसा हं," म्हणाल्या. पोरी खुर्चीतच राहिल्या, मॅडम उभ्या. त्या काही बोलणार, एवढ्यात टिल्लीनं भिंगरीचा कान ओढला. फुसफुस, फुसफुस.

"काय म्हणते गं?" आईनं विचारलं.

"मला काय माहीत?" भिंगरी म्हणाली. "मी अकरा नंबर. ती बारा. ती तुझ्याकडची आहे, तूच सांग."

वा रे पठ्ठी! मी मनात म्हटलं.

"भिंगरे, हा काय फाजीलपणा!" बाप म्हणाला.

"फाजीलपणा कसला?" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून असंच होणार आहे ना? सांगा आई, काय हवंय तिला?"

आई वाकली. "पाणी हवंय का, बाळा?" टिल्लीनं आडवी मान हलवली. "भूक लागली?" नाही. "इथून जायचंय?" अर्धी हो, अर्धी नाही. टिल्लीचं तोंड रडवेलं, पाय एकमेकांत अडकवलेले.

"अहो, तुम्ही पण विचारा की! नुसते बघत काय बसलाय?"

"मला विचारतेस? बारा नंबर तुझा!" म्हणाला गडी. मग जीभ चावली आणि सगळा राग थोरलीवर काढला. "भिंगरे, पुरे! सांग मुकाट्यानं!" आणि ताडकन उठला.

उठायचं नव्हतं. पण मला विचारतो कोण! माझं टोक वर गेलं, आई धप्पकन फरशीवर. तिला धरायला हा वळला, तर पाय अडकून तोही खाली. दोघं वर्षभरात इतके जवळ आले नसतील.

तेवढ्यात मॅडमच्या खुर्चीखाली पाणी टपकायला लागलं.

"शू," भिंगरी म्हणाली. "शू आली म्हणत होती." आणि मघापासून एवढी ताठ बसलेली पोर हुंदके देऊन रडायला लागली. "चुकलं माझं, टिल्ले. मी सांगायला पाहिजे होतं."

"तुझं नाही चुकलं," मॅडम म्हणाल्या.

आई फरशीवरूनच पुढं सरकली आणि पदरानं टिल्लीचे पाय पुसायला लागली. "मला एवढंसुद्धा कळलं नाही," म्हणाली. बापानं खिशातलं रंगाचं फडकं काढलं आणि खुर्ची पुसली. पुसली कसली, हिरवी केली.

मॅडमनी पेन उचललं आणि यादीतल्या अकरा आणि बारावर काट मारली.

"आईबाप म्हणून तुमचे हक्क आहेत. मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही दोघं राजी झालात म्हणजे मी राजी, असं इथं चालत नाही. मला आधी पोरींचं भलं बघावं लागतं. या दोघी एकत्र राहणार. कुठं आणि कशा, ते आता बसून बोला."

"म्हणजे दोघी हिच्याकडे," बापाचा आवाज बसला. "मग मी कोण? पाट्या रंगवणारा?"

मला त्याचा राग आला होता, पण तेव्हा वाईट वाटलं. त्यानं पोर मागितली होती ती खरीच हवी होती म्हणून. फक्त मागायची रीत चुकली होती, माझ्या बापाच्या पायांसारखी.

"बाबा," भिंगरी नाक ओढत म्हणाली, "शनिवार-रविवार आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ. सुट्टीत पण दोघी. मी आहे की सांगायला."

पुढं दोन तास घासाघीस झाली. शाळेतून कुणी आणायचं, आजारी पडली तर कुणी कुणाला कळवायचं, प्रगतिपुस्तकावर कुणाची सही. वकिलांना घाम फुटला. शेवटी नवा कागद झाला. लग्न मोडायचं ते मोडलंच. दोघं परत एकत्र आले असं कुणी सांगितलं तर खोटं समजा.

शिपाई कुरकुरला, "मॅडम, यादीत दहानंतर एकदम तेरा दिसतंय. वरचे विचारतील."

"विचारू देत."

निघताना बाप टिल्लीसमोर उकिडवा बसला. "शनिवारी येतो हं न्यायला." टिल्लीनं भिंगरीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग त्याचा कान दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या तोंडाजवळ ओढला. फुसफुस.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. बाप एक क्षण तसाच बसला.

"अगं, परत?" म्हणाला, तिला काखोटीला मारलं आणि संडासाकडे धूम पळाला.

त्याला बरोबर कळलं होतं.

मॅडमची पुढं बदली झाली. नवे साहेब मला हात लावत नाहीत, पहिल्याच दिवशी शिकले. मी पुन्हा व्हरांड्यात आहे. एका फळीला चीर गेलीय, एक खिळा वर आलाय आणि तो वकिलांच्या विजारी फाडतो. माझे किती दिवस उरलेत माहीत नाही, म्हणून एकच सांगून ठेवतो. तुमचं जमत नसेल तर व्हा वेगळे. पंखा वाटा, कुकर वाटा, शिडी मधून कापा, मला काही देणंघेणं नाही. पण पोरांना नंबर घालू नका.

घातलाच, तर या इकडे. कडेला बसा. मी वाट बघतोय.