शेपूट धरून

"अंकल, बोलिए ना, ये क्या है?" बोलण्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी सफरचंदाचं चित्र तिसऱ्यांदा समोर धरलं. हरिभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सफरचंद त्यांना कळत होतं. शब्द घशापर्यंत यायचा, पण बाहेर नुसती घरघर पडायची. तीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात ट्रकची इंजिनं खोलणारा, निवृत्तीनंतर या हिंदी मुलखातच राहून प्रताप नगरच्या साऱ्या गल्लीला गोष्टी सांगून हसवणारा माणूस. पक्षाघातानं एका सकाळी त्यांचा उजवा हात आणि वाचा नेली. बालवाडीतल्या पोरासारखी चित्रं ओळखायची त्यांना लाज वाटे. दोन महिने झाले, त्यांनी प्रयत्नच सोडला होता. असंच चाललं तर बोलणं परतायचं नाही, असं बाई जाताना सुनेला, शुभदाला, बजावून गेल्या.

त्याच संध्याकाळी अकरा वर्षांची नात अवनी वही घेऊन पलंगाशी बसली. रविवारी मराठी मंडळात मुलांनी आपापल्या घराण्याची गोष्ट सांगायची होती.

"आजोबा, मी तारामतीआजीवाली सांगणार. गलत झालं तर..." ती मध्येच गप्प झाली. मग तिनं वाचायला सुरुवात केली.

"वारणा नदीला पूर आला होता. तारामतीआजीचं बाळ खूप बीमार होतं. वैद्य त्या साइडला, आणि होडी बंद. मतलब, कोणी जायला तयारच नाही. मग तिने बाळाला पाठीवर बांधलं आणि म्हशीवर बसून..."

हरिभाऊंची मान झटकन वळली. म्हशीवर बसून? त्यांची आजी काय वरातीला निघाली होती? नाकातोंडात गढूळ पाणी जात होतं, पण तिची पकड सुटली नव्हती. पाठीवरचं ते पोर म्हणजे हरिभाऊंचे वडील. पकड सुटली असती, तर ना हरिभाऊ असते, ना समोरची ही पोर.

"शे..."

अवनीनं वही खाली ठेवली.

"शे... शेप..." त्यांचं कपाळ घामानं डबडबलं. "शेपूट!"

कणकेच्या हातांनी शुभदा धावत आली. "बाबा! काय म्हणालात?"

"बसून न्हाई!" हरिभाऊ गरजले. "शेपूट... धरून!"

"आई, आजोबा बोलले!" अवनी नाचायलाच लागली. शुभदाला हसू आवरेना आणि रडूही.

रविवारी मंडळाच्या सभागृहात अवनीनं गोष्ट भर पुरापर्यंत नेली आणि माईक आजोबांपुढे धरला. हरिभाऊ खुर्चीतून उठले. शुभदानं आधाराला हात पुढे केला, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एका वाक्याला त्यांना मिनिटभर लागलं.

"आजी... शेपूट धरून... पार झाली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिभाऊंनी डावा हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"दम धरा," ते म्हणाले. "गोष्ट... अजून हाय."