आत्याचं नाव कुठं गेलं?

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचा, भित्तिपत्रकाचा फळा बोलतोय. बोलतोय कसला, वैतागून ओरडतोय!

पुंजाजी सुतारानं खोक्याच्या फळ्या जोडून मला घडवलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि शाळेत वामनराव गुरुजीही नवेच होते. मुलांनी लिहावं, ते सगळ्यांनी वाचावं, अशी त्यांना भारी हौस. मलाही होती.

पहिल्याच शनिवारी माझ्यावर बैलाची एकच कविता सात हस्ताक्षरांत लागली. खाली सात कवींच्या सह्या! पाठ्यपुस्तकातला खरा कवी बिचारा गायब.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे, दुसऱ्याचं घ्या, पण कुठल्या पुस्तकातून घेतलं ते खाली लिहा!"

मुलांनी त्यावरही तोड काढली. उतारा कुणाचाही असो, खाली ठसठशीत अक्षरात 'संग्राहक' आणि स्वतःचं नाव. झालं काम! एकानं तर प्रामाणिकपणे लिहिलं, 'दादाच्या पेटीतून.' हसावं की रडावं, मला कळेना.

मग सातवीतल्या कलानं एक गाणं लावलं. 'पाटी घे वं पोरी, खुरपं ठेव बांधावर.' खाली तिचं नाव. हेडमास्तरांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते बुलढाण्याच्या स्पर्धेला धाडलं. पहिला नंबर आला. बक्षीस देताना हेडमास्तरांनी ते सगळ्या गावापुढं वाचून दाखवलं.

बायांमधून कलाची आत्या, भिमाबाई, उठली. "हे तं माह्यं गाणं हाये! वावरात तण निंदताना मीच जुळवलं, या पोरीसाठीच."

गुरुजींनी कलाला माझ्यापाशी आणलं. "अगं, आत्याचं नाव का नाही टाकलंस?"

पोरगी रडकुंडीला आली. "गुरुजी, तुम्ही सांगतलं का पुस्तकाचं नाव लिहा. आत्या काही पुस्तक नाही."

गुरुजी पोरीला काय बोलणार? इतके शनिवार घसा कोरडा केला, पण माणसाचंही नाव लिहायचं असतं, हे सांगायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं होतं. मला तर त्या दोघांचाही राग आला आणि कीवही आली.

गुरुजींनी त्याच दिवशी कागदावर 'गीत : भिमाबाई' असं लिहिलं. हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी तो कागदच उतरवला. "शाळेचं बक्षीस जाईल, गुरुजी. बाईला कुठं वाचता येतं?"

गुरुजी भांडले, बुलढाण्याला पत्रंही पाठवली. उत्तर आलं नाही.

पुढं काही दिवसांनी कला एकटीच गुरुजींकडे आली. व्हरांड्यातच बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं. "गुरुजी, आत्यानं गाणं म्हणनंच सोडलं. वावरात बाया तिले म्हणतात, कलीचं गाणं तू काऊन म्हणून राह्यली?"

स्वतःच्याच गाण्याची ती चोर ठरली! माझा तर संतापानं नुसता जळफळाट झाला.

आता माझ्या फळ्या फाकल्यात, टाचण्यांनी अंगाची चाळण झालीय. नवी मुलं नवे कागद लावतात. लावा, खुशाल लावा. पण मुलांनो, आज इथं पहिला कागद तिचा लावा. मला हात असते तर मीच लिहिलं असतं. तुम्हाला आहेत. लिहा, मोठ्या अक्षरात लिहा : भिमाबाई.